चार पावसाळे अधिक पाहिल्याचे मोल

'आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत,' हे वडीलधाऱ्यांचे वाक्य मराठी घरात कोणाला नवे नाही. ऐकणाऱ्या तरुणाला ते बहुधा रुचत नाही. यवतमाळ जिल्ह्यात मात्र त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो. येथील बहुतांश शेती आजही पावसाच्या भरवशावर चालते. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांचे सारे गणित पाऊस केव्हा येतो, किती येतो आणि मध्येच किती दिवस दडी मारतो यावर ठरते. अशा मुलखात एखाद्याने पन्नास-साठ पावसाळे शेताच्या बांधावरून पाहिलेले असणे म्हणजे त्याच्यापाशी पन्नास-साठ वर्षांची नोंदवही असणे होय. ही नोंदवही कोणत्याही कार्यालयात मिळत नाही आणि ती बाळगणारा माणूस गेला की तीही त्याच्याबरोबर जाते.

वार्धक्याविषयी एरवी जे बोलले जाते ते दुखण्यांच्या भाषेत. गुडघे, डोळे, रक्तातील साखर, रक्तदाब, विसराळूपणा अशी ती यादी असते. ती खोटी नाही. परंतु वय वाढत जाते तसा माणूस केवळ गमावतच जातो, ही समजूत अपुरी आहे. काही क्षमता घटतात, काही टिकून राहतात आणि काही तर साठीनंतरही वाढत राहतात, असे गेल्या काही दशकांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. या वाढणाऱ्या क्षमतांचा हिशेब मांडणे आज अधिक अगत्याचे झाले आहे, कारण वृद्धांची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात पोहोचले आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. आजोबा नातवाच्या लग्नाला धडधाकट हजर असणे ही एके काळी भाग्याची गोष्ट होती, आता ती नित्याची झाली आहे.

'साठी बुद्धी नाठी' कितपत खरे?

साठी आली की बुद्धी पळते, असे म्हण सांगते. मानसशास्त्र मात्र बुद्धीचे दोन भाग पाडते. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने ही विभागणी मांडली. नवे कोडे झटपट सोडवणे, अपरिचित गोष्ट चटकन आत्मसात करणे, एकाच वेळी चार गोष्टी ध्यानात ठेवणे हा बुद्धीचा चपळ भाग. तो तारुण्यात शिखरावर असतो आणि पुढे हळूहळू उतरतो. दुसरा भाग साठलेल्या ज्ञानाचा. शब्दसंपत्ती, माणसांची पारख, व्यवहारातील खाचाखोचा आणि एका प्रसंगावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे हे सारे त्यात येते. हा भाग वयाबरोबर भरत जातो.

अमेरिकेतील सिएटल येथे वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला अभ्यास या विषयात फार महत्त्वाचा मानला जातो. त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी चाचणी घेत तो अनेक दशके चालला. विचार करण्याचा वेग लवकर घटू लागतो, पण भाषेवरील पकड आणि शब्दांची समज उतारवयातही दीर्घकाळ टिकून राहते, असे त्यात आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर शब्दसंपत्ती साठीच्या उत्तरार्धात शिखर गाठते, असे दिसले. सत्तरीतील गृहस्थ नव्या मोबाइलवर अडखळतात, हे खरे. परंतु कापूस घेऊन बाजारात गेल्यावर व्यापाऱ्याच्या बोलण्यातील खोच त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळते, हेही तितकेच खरे. नातू ज्या वेगाने बोटे फिरवतो तो एका प्रकारच्या बुद्धीचा पुरावा आहे आणि आजोबा ज्या सावधपणे सौदा करतात तो दुसऱ्या प्रकारच्या बुद्धीचा.

पेरणीची घाई आणि थांबण्याचे धैर्य

या साठलेल्या बुद्धीचा कस लागतो तो जूनमध्ये. रोहिणीत किंवा मृगाच्या आरंभी एखादी दमदार सर येते, मातीचा वास सुटतो आणि सारे शिवार पेरणीला निघते. पुढे पावसाने दडी मारली की उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे आणि मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. तो बहुधा उसन्या पैशांतून होतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे दरवर्षी देतात. घरातील म्हातारा माणूस मिलिमीटरची भाषा बोलत नाही. तो मातीत हात घालतो, ओल किती खोल गेली ते पाहतो आणि 'अजून थांबा' म्हणतो. शेजाऱ्याचे शेत पेरून झालेले दिसत असताना थांबणे सोपे नसते. ते धैर्य ज्याने घाईचे परिणाम आधी भोगले आहेत, त्याच्याकडे असते.

आज पंचाहत्तरीत असलेल्या येथील शेतकऱ्याने कापसाची तीन युगे पाहिली आहेत. त्याच्या लहानपणी शेतात देशी आणि सुधारित सरळ वाण होते. घरचे बी राखून पुढच्या वर्षी पेरण्याची रीत होती. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे संकरित वाण आले आणि दरवर्षी बियाणे विकत घेण्याची सवय लागली. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच शिवार त्याने व्यापले. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही. २०१७च्या हंगामात तिने जिल्ह्याचे अतोनात नुकसान केले. प्रत्येक नव्या वाणाबरोबर आलेले आश्वासन आणि काही वर्षांनी त्याचे उघडे पडलेले रूप हे दोन्ही ज्याने पाहिले आहे, तो पुढच्या जाहिरातीने सहसा हुरळून जात नाही.

या शहाणपणालाही मर्यादा आहेत. त्याच २०१७ मध्ये जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. नवी रसायने, त्यांची मिश्रणे आणि डब्यावरील सूचना यांबाबत जुना अनुभव अपुरा पडतो. तेथे लेबल वाचणारा, मुखवटा आणि हातमोजे वापरण्याचा आग्रह धरणारा तरुण हवा. ज्या घरात या दोन पिढ्या एकमेकींचे ऐकतात तेथे दोघींच्याही उणिवा भरून निघतात.

बदलण्याला वय आड येत नाही

वय वाढले की माणूस हट्टी होतो, नवे स्वीकारत नाही, असाही एक समज आहे. यवतमाळजवळच्या छोटी गुजरी येथील शेतकरी सुभाष शर्मा यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. सत्तरच्या दशकात शेतीत उतरल्यावर त्यांनी रासायनिक खते व कीटकनाशके भरपूर वापरली. आरंभी उत्पन्न वाढले, नंतर ते घसरत गेले आणि खर्च चढत गेला. नव्वदच्या दशकात, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वीसेक वर्षांची पद्धत बाजूला ठेवून नैसर्गिक शेतीची वाट धरली. पडलेला पाऊस शेतातच मुरवणे, मातीतील जीवसृष्टी जपणे, गाय, झाडे आणि पक्षी यांना शेतीचे भागीदार मानणे हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र आहे. त्यांच्या शेताला पुढे शेतकरी आणि अभ्यासक भेट देऊ लागले आणि २०२५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण वर्षानुवर्षे केलेले चुकीच्या दिशेने होते, हे ओळखायलाही वर्षानुवर्षांचा हिशेब जवळ असावा लागतो.

वणीच्या बापूजींचे उत्तरायुष्य

उतारवयातील कर्तृत्वाचा या जिल्ह्यातील सर्वांत मोठा दाखला म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे जन्मलेले अणे पेशाने वकील आणि लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. जुलै १९३० मध्ये पुसद येथे जंगल कायदा मोडून त्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व, महात्मा गांधींच्या उपोषणाच्या वेळी १९४३ मध्ये त्या पदाचा राजीनामा, सिलोनमधील भारताचे प्रतिनिधित्व आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपालपद असा त्यांचा प्रवास झाला. राज्यपालपदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एकाहत्तरी पूर्ण केली होती. त्या काळी एवढे आयुष्य लाभणे हेच विशेष होते. आता विश्रांती घ्यावी, असे कोणीही म्हटले असते.

अण्यांनी तसे केले नाही. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा त्यांचे वय ८१ होते. आणि आयुष्याच्या याच अखेरच्या पर्वात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात बांधले. 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे सुमारे बारा हजार श्लोकांचे महाकाव्य. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले आणि त्यांच्या पश्चात प्रकाशित झालेल्या या महाकाव्याला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हे काव्य तिशीतल्या अण्यांना लिहिता आले असते काय? संस्कृतचा व्यासंग तेव्हाही होता, टिळकांचा सहवासही होता. परंतु टिळकांच्या निधनानंतरची चार दशके, स्वातंत्र्याची प्राप्ती आणि त्यानंतरचे राजकारण यांच्या पार्श्वभूमीवर तो पुरुष पुन्हा न्याहाळण्याची संधी केवळ दीर्घायुष्याने दिली. व्यासंग, आठवणी आणि अंतर या तिन्हींचा मेळ ऐंशीच्या आसपासच जमला. वर्धा नदीच्या पलीकडे, वणीपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनीही सत्तरीत कन्याकुमारी ते काश्मीर अशी 'भारत जोडो' यात्रा काढली होती आणि पंचाहत्तरीत ते नर्मदेच्या काठी जाऊन राहिले होते. मणक्याच्या आजारामुळे त्यांना धड बसताही येत नव्हते. शरीराची अडचण आणि कामाची उमेद या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे अशा आयुष्यांवरून ध्यानात येते.

मन निवळते ते कशामुळे?

थोरामोठ्यांचे सोडा, सामान्य माणसालाही वाढत्या वयाबरोबर एक गोष्ट लाभते, ती म्हणजे मनाचा समतोल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ९४ वर्षे वयाच्या लोकांना पेजर दिले आणि आठवडाभर दिवसातून पाच वेळा, त्या क्षणी मनात काय चालले आहे, याची नोंद करायला लावली. राग, चीड, चिंता अशा क्लेशकारक भावनांचे प्रमाण साठीपर्यंत घटत जाते आणि पुढे बहुतांशी तसेच राहते, असे त्यात आढळले. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा जिवाचा धोका वृद्धांना अधिक होता, तरीही मनःस्थितीच्या बाबतीत ते तरुणांपेक्षा अधिक स्थिर असल्याचे अमेरिकेतील पाहणीत दिसले.

कार्स्टनसन यांचे स्पष्टीकरण साधे आहे. पुढे भरपूर आयुष्य आहे असे वाटत असते तेव्हा माणूस ओळखी वाढवतो, स्पर्धा करतो, अपमान जपून ठेवतो. उरलेला काळ मोजका आहे याची जाणीव झाली की तो निवड करू लागतो. कोणाशी बोलायचे, कशावरून भांडायचे नाही आणि कोणते काम आधी उरकायचे, हे त्याला स्पष्ट दिसू लागते. धुऱ्यावरून सुरू झालेले भावाभावांतील वाद एखाद्या वयोवृद्ध आत्याच्या किंवा काकांच्या मध्यस्थीने मिटतात, त्यामागे हेच असते. त्यांना त्या वादातून काही मिळवायचे नसते.

शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव गेली अनेक वर्षे देशभर घेतले जाते, त्या यवतमाळच्या दृष्टीने ही बाब अत्यंत गंभीर आहे. नापिकी आणि कर्ज यांत सापडलेल्या पस्तिशीच्या शेतकऱ्याला वाटते की हे वर्ष कधी संपणारच नाही. ज्याने १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, परदेशी लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्याला वाईट वर्ष संपते हे ऐकून नव्हे, जगून ठाऊक असते. कर्जाचे आकडे त्याच्या सांगण्याने कमी होत नाहीत. भाव, सिंचन, विमा आणि पतपुरवठा यांचे प्रश्न धोरणानेच सुटायचे आहेत. तरीही संकटाच्या रात्री घरात असा एक माणूस जागा असणे आणि त्याने जवळ बसून बोलणे याला मोल आहे. जेथे कर्ता मुलगा गेला, तेथे सुनेच्या बरोबरीने पुन्हा घर उभे करणारे, नातवंडांना शाळेत धाडणारे सत्तरीतील आईवडीलही याच जिल्ह्यात आहेत.

आजी का हवी असते?

निसर्गात बहुतेक प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत प्रजननक्षम राहतात. मानवी स्त्री मात्र पाळी थांबल्यावरही कित्येक दशके जगते. असे का, याचे एक उत्तर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातील हादझा या शिकारी-संकलक लोकांत शोधले. तेथील वयस्क स्त्रिया दिवसभर खपून जमिनीतील कंदमुळे खणतात आणि मुलीला नवे मूल झाले की आधीच्या नातवंडांचे पोषण त्यांच्या श्रमावर चालते. आजीच्या मदतीने जगलेल्या नातवंडांमुळेच माणसाचे आयुष्य लांबत गेले, असा हा सिद्धांत आहे. सून कापूस वेचायला गेली असताना नातवंडे सांभाळणाऱ्या, चुलीवर भाकरी थापणाऱ्या आणि उरलेल्या वेळात शेतात खुरपणाऱ्या येथील आजींना हे संशोधन नव्याने सांगण्याची गरज नाही.

पोषणाबरोबर भाषा आणि संस्कृतीही आजी-आजोबांकडूनच उतरते. जिल्ह्यात कोलाम, गोंड आणि बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा मुख्यतः बोलण्यातूनच टिकली आहे. शाळा आणि बाजार यांची भाषा मराठी असल्याने मुलांच्या कानावर अस्सल कोलामी पडते ती घरातील वृद्धांकडून. बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत गायिल्या जाणाऱ्या लेंगी गीतांचेही तसेच. जुन्या पिढीला मुखोद्गत असलेले पाठांतर पुढच्या पिढीने वेळीच उचलले नाही, तर नंतर ते शोधायला जागा उरत नाही.

शरीराच्या खात्यातही जमा

शरीराच्या बाजूनेही सारी वजाबाकीच नसते. अर्धशिशीचा त्रास अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, पन्नाशीनंतर कमी होतो. शरीर पूर्वी भोगलेले आजारही लक्षात ठेवते. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीतून बालपणी वाचलेल्या वृद्धांच्या रक्तात ९० वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. २००९ मध्ये स्वाइन फ्लू पसरला तेव्हा साठीपुढील लोकांना त्याची लागण तुलनेने कमी झाली, कारण त्यांच्या शरीराला जुन्या विषाणूंची ओळख होती. अर्थात नव्या रोगांपुढे म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी पडते, हे करोनाने दाखवून दिले. त्यामुळे लसीकरण आणि नियमित तपासणी यांना पर्याय नाही.

जमेची बाजू टिकते कशावर?

वार्धक्याचे हे सारे लाभ आपोआप पदरात पडत नाहीत. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, त्याची नोंदवही बंद पडते. ज्याला ऐकू येत नाही, त्याला कोणी काही विचारीत नाही. जिच्या नावावर ना घर ना शेत, त्या विधवा वृद्धेचा सल्ला घरात फारसा घेतला जात नाही. मुले पुण्या-मुंबईकडे गेलेल्या घरांत मायेची माणसे असतात, पण ती फोनवर. मनाच्या समतोलाविषयीचे बरेच संशोधन खाऊनपिऊन सुखी समाजांत झालेले आहे. उपासमार, एकाकीपणा आणि अवहेलना यांपुढे तो समतोलही ढळतो. आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथील संत डोला महाराज वृद्धाश्रमासारख्या संस्थांना काम करावे लागते, ते याच कारणाने.

म्हणून काही आधार लागतात आणि त्यांतील काही उपलब्ध आहेत. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. लेकीच्या गावी, दवाखान्यात, यात्रेला कोणापुढे हात न पसरता जाता येणे याने वृद्धांचे जग किती रुंदावते, हे बसस्थानकावर दिसते. सांभाळ नाकारणाऱ्या मुलांविरुद्ध २००७च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा मदत क्रमांकही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. तेवढ्यानेच अनेकांची हरवलेली कामे परत मिळतात.

आधाराइतकीच दृष्टीही महत्त्वाची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावी पन्नाशीपुढील ६६० लोकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यावर आधारित बेका लेव्ही यांचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. आरोग्य, आर्थिक स्थिती आणि एकटेपणा यांचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला होता. ही नजर माणूस एकट्याने घडवीत नाही. 'आता तुमचे काय काम' हे वाक्य ज्या घरात रोज उच्चारले जाते, तेथे ती घडत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. पेरणीआधी वडिलांना शेतावर नेऊन ओल पाहायला सांगावी. नात्यातील तंटा आत्यापुढे मांडावा. आजीच्या तोंडची गाणी नातवाने मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करावीत. त्या निमित्ताने आजीला यंत्र आणि नातवाला गाणे, दोन्ही कळेल. ग्रामसभेत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, पाणलोटाच्या कामात गावातील जुन्या माणसांना पूर्वीचे नाले, विहिरी आणि पूररेषा विचाराव्यात. वृद्धांनीही आपले चार पावसाळे अधिकार म्हणून न मिरवता, विचारणाऱ्याच्या हाती माहिती म्हणून द्यावेत आणि आपल्याला ठाऊक नाही ते तरुणांकडून शिकावे. यंदाचा पाऊस कसा होईल हे कोणालाच ठाऊक नसते. मागचे पावसाळे कसे गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना विचारण्याची संधी मात्र आज प्रत्येक घराला आहे आणि ती कायमची नाही.